दुखवट्याच्या घरातला पहिला नाताळ

नोव्हेंबर सरत आला की जालन्यात पहाटे धुकं उतरतं, घरोघरी हुरड्याच्या गोष्टी निघतात आणि चर्चच्या आवारात कुणीतरी शिडी लावून चांदणी टांगायला घेतं. ज्या घरातून यंदा माणूस गेलंय, त्या घराला ती चांदणी टोचते. मला टोचली होती. माझी आई नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेली आणि सहा आठवड्यांत नाताळ दारात आला. अशा नाताळाचं काय करायचं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर चर्चच्या मंडळीतल्या भगिनींबरोबर मी अशा बऱ्याच घरी जाऊन बसले. तिथं जे कळलं ते दिवसांच्या क्रमानं लिहिते. ज्यांचा हा असा पहिलाच नाताळ आहे त्यांच्यासाठी, आणि जे नुकतेच विश्वासात आलेत, ज्यांना मंडळीच्या चालीरीती अजून नव्या आहेत, त्यांच्यासाठीही.

सगळ्यात आधी: रडण्याची परवानगी

दफनानंतरच्या प्रार्थनेला कुणीतरी हमखास म्हणतं, "रडायचं कामून? ती प्रभूजवळ गेली, आता आनंद करायचा." बोलणाऱ्याचं मन चांगलं असतं. पण ऐकणाऱ्याला वाटतं, आपले डोळे भरून येतात म्हणजे आपला विश्वासच कच्चा. मग तो माणूस डिसेंबरभर खोटं हसत फिरतो आणि नाताळ झाल्यावर आजारी पडतो.

या बोलण्याला आधार म्हणून पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातला चौथा अध्याय दाखवतात. तो स्वतः उघडून वाचा. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असं पौल लिहितो. खेदच करू नका, असं तो कुठंही म्हणत नाही. लाजराच्या कबरेपाशी येशू रडला. थोड्याच वेळात लाजराला कबरेतून जिवंत बाहेर बोलावणार हे ठाऊक असूनही रडला. विश्वासापायी मारल्या गेलेल्या स्तेफनाला पुरताना भक्तिमान माणसांनी मोठा शोक केला, हे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलेलं आहे आणि त्यांना कुणी दटावल्याचं तिथं लिहिलेलं नाही.

नाताळच्या गोष्टीतही रडणं आहे. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात हेरोद बेथलेहेमातली दोन वर्षांच्या आतले मुलगे मारवतो आणि मत्तय यिर्मयाचं वचन आठवतो: राहेल आपल्या लेकरांसाठी रडते आहे आणि सांत्वन घेत नाही. संडे स्कूलच्या नाटकात आपण हेरोदाला दाढी लावून रंगमंचावर आणतो, पण त्या आया कधी येत नाहीत. माझ्या आईच्या वर्षी मला पहिल्यांदा त्यांची आठवण झाली. त्या बायका त्या गावातच राहत होत्या, त्याच चांदणीखाली.

आणि लूकच्या शुभवर्तमानातली हन्ना. लग्नानंतर सात वर्षांत नवरा गेला, पुढचं सगळं आयुष्य एकटीनं काढलं, वय चौऱ्याऐंशीपर्यंत गेलं. मरीया आणि योसेफ बाळाला मंदिरात घेऊन आले, तेव्हा त्याला ओळखणाऱ्या दोघांपैकी एक ही विधवा होती. दुसरा शिमोन. त्यानं मरीयेला तिथंच सांगितलं की तुझ्याही जिवातून तलवार जाईल. बाळंतिणीला असं कुणी सांगतं का? पण पवित्र शास्त्रानं ते लपवलं नाही. म्हणून मी दुःखातल्या माणसाला सांगते, तुम्ही नाताळात तुमचं दुःख बाहेरून आणत नाही. त्याला तिथं आधीपासून जागा आहे.

डिसेंबर लागताच: सण करायचा की नाही

हा प्रश्न टाळू नका. नाहीतर तो वीस तारखेला भांडण होऊन येतो.

आपल्याकडे घरात मृत्यू झाला की वर्षभर सण करत नाहीत, कढई चढवत नाहीत, गोडधोड शेजारपाजारचे आणून देतात. आपली कितीतरी ख्रिस्ती घरंही हे पाळतात, कारण आपण याच मातीतले आहोत. आमच्या आत्यानं दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं, "यंदा तळण नाही, चांदणी नाही." दुसऱ्या बाजूनं मंडळीतले काही म्हणाले की असं पाळणं म्हणजे विश्वास सोडणं.

दोन्ही बाजू ऐकून माझं मत असं झालंय. सण न करण्याचा नियम पवित्र शास्त्रात नाही. तळण केलं म्हणून गेलेल्या माणसाला काही होत नाही, घरावर काही येत नाही. तेव्हा त्यातली भीती सोडून द्यावी. पण त्या चालीत एक माया आहे. ज्या बाईच्या हातापायांत बळ उरलेलं नाही तिच्यावर चार डबे फराळाचा भार टाकू नये, तो दुसऱ्यांनी उचलावा. ती माया ठेवावी. शेजारच्या मावशी चिवड्याचा डबा घेऊन आल्या तर "आमच्यात असं नसतं" म्हणून परत पाठवू नका.

घरातल्या सगळ्यांना एका संध्याकाळी बसवा, लेकरांनाही. प्रत्येकानं एकच सांगायचं: यंदा कोणती गोष्ट व्हायलाच हवी आणि कोणती सोसणार नाही. आमच्याकडे धाकट्या भावाला चांदणी हवी होती. पप्पांना मोठा पाहुणचार नको होता. मला करंज्या हव्या होत्या, कारण आई नाताळाला करंज्याच करायची. आम्ही एवढंच केलं. बाकीचं सोडून दिलं.

करंज्या करायला बसलो तेव्हा आईचं कातणं सापडेना. ते पप्पांनी काढून दिलं. कुठं ठेवलेलं असतं हे त्यांना माहीत होतं, हेही मला त्या दिवशी कळलं. ते पोळपाटापाशी जन्मात बसले नव्हते. त्या दिवशी बसले आणि कडा कातत राहिले. निम्म्या करंज्या तेलात उघडल्या, सारण काळं झालं. भावाला हसू फुटलं, मग आम्हा सगळ्यांनाच. सहा आठवड्यांत पहिल्यांदा घरात हसण्याचा आवाज झाला आणि लगेच सगळे गप्प झालो, जसं काही चुकलंच. तुमच्याकडेही असं होईल. हसू आलं तर येऊ द्या. त्यानं आईचं प्रेम कमी होत नाही.

लहान लेकरांबद्दल एक सांगते. बाप गेलेल्या घरात चांदणी लावायला शिडीवर कोण चढणार, हा प्रश्न लेकरू तोंडानं विचारत नाही, पण त्याच्या डोळ्यांत असतो. मामाला किंवा मंडळीतल्या एखाद्या भावाला आधीच सांगून ठेवा. आणि तार धरायला लेकरालाच घ्या.

मंडळीला तुम्ही होऊन सांगा

आमच्या इकडं डिसेंबरात कॅरोलची फेरी निघते. तरुण संघाची पोरं ढोलकी, गिटार घेऊन रात्री घरोघर जातात, गीत म्हणतात, प्रार्थना होते, चहा-फराळ होतो आणि पुढच्या घरी जातात. आमच्या त्या वर्षी पोरं कोपऱ्यावर आली आणि ढोलकी थांबली. आमच्या दारावरून ती पावलं न वाजवता गेली. दोन घरं सोडून ढोलकी पुन्हा सुरू झाली. त्यांनी आमच्या दुःखाचा मान राखला होता, हे मला फार नंतर समजलं. त्या रात्री मला एवढंच दिसलं की पप्पा अंधारात दाराच्या कडीवर हात ठेवून उभे आहेत आणि गॅसवर वीस कपांचा चहा उकळतोय.

चूक कुणाचीच नव्हती. आम्ही सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. म्हणून फेरी निघायच्या आधी पाळकसाहेबांना किंवा मंडळीच्या सेक्रेटरींना फोन करा. बोलायला जड जात असेल तर एवढंच म्हणा: "सलाम साहेब. यंदा आमच्या घरी जरूर या. ढोलकी नको. एक संथ गीत म्हणा, प्रार्थना करा, चहा घ्या." किंवा यंदा नको असेल तर तेही सरळ सांगा: "या वर्षी फेरी नको, पण तुम्ही आणि पाळकीणबाई एखाद्या दुपारी येऊन बसा." फोन जमत नसेल तर शेजारच्या विश्वासणाऱ्याकडून निरोप धाडा. लोकांना आपल्या मनातलं कळेल, असं धरून चालू नका.

जुन्या वस्त्यांत हे थोडं सोपं असतं. जालन्याजवळच्या बेथेलसारख्या ठिकाणी, जे रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलं, कुणाच्या घरी काय झालं हे सगळ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं. पण वाळूजला किंवा चिकलठाण्याला कंपनीत कामाला आलेलं कुटुंब नव्या मंडळीत रविवारी येतं आणि जातं. त्यांची आई गावी वारली, हे इथं कुणाला माहीतच नसतं. असे असाल तर उपासनेनंतर दारात हात मिळवताना पाळकसाहेबांना एका वाक्यात सांगा. तेवढ्यानं पुढचं पुष्कळ काही हलतं.

आठवणीसाठी काय करता येतं, तेही विचारा. प्रोटेस्टंट मंडळ्यांत गेलेल्या माणसाच्या नावानं उपकारस्तुतीचं अर्पण देतात आणि त्याच्या जीवनाबद्दल देवाचे आभार मानतात. मृतांसाठी प्रार्थना तिथं सहसा करत नाहीत. कॅथलिक घरांत मृतांच्या आत्म्यासाठी मिस्सा अर्पण करण्याची रीत आहे. फादरांना तारीख आधी सांगावी लागते, कारण नाताळच्या दिवसांत यादी लांबलेली असते. घरात दोन्ही परंपरांची माणसं असतील तर यावरून वाद घालू नका. ज्याला ज्यातून धीर मिळतो त्याला ते करू द्या.

चोवीसची रात्र आणि पंचवीसची सकाळ

चर्चला जायचं की नाही? जा, पण परतीची वाट मोकळी ठेवून जा. दाराजवळच्या बाकावर बसा. सोबत एक माणूस ठेवा, ज्याला खूण केली की तो न विचारता तुमच्याबरोबर उठेल. गाडी अशी लावा की मागे दुसऱ्या गाड्या अडणार नाहीत. ही बारीकसारीक व्यवस्था वाटते, पण माणूस आत शांत बसू शकतो तो याच भरवशावर.

गीत सुरू झालं की घसा दाटतो. गाण्याचा आवाज थेट आतपर्यंत जातो आणि गेलेलं माणूस शेजारी कोणत्या पट्टीत गायचं हे आठवतं. माझी आई नेहमी अर्धी मात्रा पुढं असायची. गाता आलं नाही तर नुसते उभे राहा. तुमच्या वाटचं मंडळी गाते. एकाचा आवाज बसला की दुसऱ्यानं गायचं, यासाठीच तर आपण एकत्र जमतो.

प्रभूभोजनाला रडत पुढं जायला लाजू नका. हात पुढं करा, घ्या, परत या.

त्या दिवशी कबरेवर जायचं असेल तर सकाळी उपासनेच्या आधी जा, उन्हं चढायच्या आत. आदल्या दिवशी गवत काढून घ्या. फुलं न्या, एखादं स्तोत्र वाचा. तेविसावं पाठ असतं, पण मला स्वतःला त्या वर्षी तेरावं जास्त जवळचं वाटलं. ते "किती वेळ" असं विचारत सुरू होतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी कुठंही उजेड नाही. असं स्तोत्र देवानं आपल्या पुस्तकात राहू दिलं, हे कळलं तेव्हा मला त्याच्याशी खरं बोलता येऊ लागलं.

जेवताना तिची जागा कुठं, हा प्रश्न येतोच. काही घरं खुर्ची रिकामी ठेवतात, काही मुद्दाम जागा बदलून बसतात. आम्ही बदलून बसलो. जेवणाआधीच्या प्रार्थनेत मात्र पप्पांनी तिचं नाव घेतलं. नाव घ्या. घरात सगळे नाव टाळायला लागले की दुःख दुप्पट होतं.

सव्वीस आणि अठ्ठावीस

हे दोन दिवस फार कमी जणांना माहीत असतात. कॅथलिक आणि अँग्लिकन परंपरेच्या पंचांगात २६ डिसेंबर हा स्तेफनाचा दिवस आहे आणि २८ डिसेंबर बेथलेहेमच्या मारल्या गेलेल्या बालकांचा. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी पहिला रक्तसाक्षी, चौथ्या दिवशी त्या आया. ज्यांनी हे दिवस असे मांडले त्यांना शोक ठाऊक होता. पंचवीस तारखेला पाहुण्यांत धरून ठेवलेलं रडू सव्वीसला फुटतं. त्या दिवशी कुठलंही काम ठेवू नका. ज्यांचं लेकरू गेलंय त्यांनी अठ्ठावीसला संध्याकाळी एक मेणबत्ती लावावी आणि मत्तयाचा दुसरा अध्याय वाचून यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायाकडे जावं. मत्तयानं घेतलेलं वचन तिथं पंधराव्या ओळीत आहे. लगेच पुढच्या ओळीत देव राहेलीला रडणं आवरायला सांगतो आणि लेकरं परत येतील असं वचन देतो. मत्तयानं ती ओळ उतरवली नाही, पण त्याच्या वाचकांना ती माहीत असणार.

जे घरापासून दूर आहेत

बीड, अंबड, घनसावंगीकडून दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेल्या टोळ्यांत आपलीही माणसं असतात. नाताळ त्यांचा फडावर आणि कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत होतो. मुकादम सुट्टी देईलच असं नाही, आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत निघता येत नाही. माय गेली तेव्हा मातीला जाता आलं नाही, ही सल तर वेगळीच. अशा भावंडांना गावाकडच्यांनी चोवीसच्या रात्री फोन लावावा, फोन चर्चमध्ये समोर धरून गीत ऐकवावं आणि घरी कोण कसं आहे ते सांगावं. कोपीत दोन-तीन जण मिळून दिव्याच्या उजेडात लूकचा दुसरा अध्याय वाचला तरी ती उपासना झाली. येशूच्या जन्माची पहिली बातमी रात्री उघड्यावर मेंढरं राखणाऱ्या मजुरांनाच मिळाली होती.

नव्यानं विश्वासात आलेल्यांसाठी

तुमचं दुःख दुहेरी असतं. वडील गेले, घरच्यांनी त्यांच्या रीतीनं सगळं केलं, तुम्ही काही विधींना बसला नाहीत म्हणून भाऊबंद बोलले. आता नाताळ आला आणि तुम्ही आनंद केला तर "बाप मेल्यावर सण करतो" म्हणतील. मी एवढंच सुचवेन: यंदा घरी भांडणाचं कारण होईल असा गाजावाजा करू नका. चर्चला जा, आणि येळवस (वेळ अमावस्येचा शेतातला सण) असो की आणखी काही, आईजवळ बसून जेवायला जा. तिचं कुंकू गेलंय. तिला तुमच्या सोबतीची गरज आहे.

आणि रात्री झोप उडवणारा तो प्रश्न: वडील विश्वासात नव्हते, ते कुठं असतील? याचं झटपट उत्तर देणाऱ्या माणसापासून दूर राहा, मग ते उत्तर गोड असो की कडू. अब्राहामानं देवाला विचारलं होतं, सगळ्या जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही का? मी त्या प्रश्नापाशीच थांबते आणि वडिलांना त्याच्या हातात ठेवते. त्याचे हात माझ्यापेक्षा मोठे आहेत आणि त्यांना खिळ्यांचे वण आहेत.

भार पेलेनासा झाला तर

घरातल्या माणसानं स्वतःचा जीव घेतला असेल तर नाताळात ते घर सगळ्यात एकटं पडतं. कर्जापायी, नापिकीपायी मराठवाड्यात असं किती घरांत झालंय हे आपण सगळे जाणतो. मंडळीतल्यांनी तिथं आधी जावं, कारणं विचारू नयेत. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तोंड उघडलं तेव्हाच त्यांचं चुकायला लागलं.

आणि तुम्हाला स्वतःलाच आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, जेवण जात नसेल, जगून काय करायचं असं मनात येत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. ताप आला की आपण दवाखान्यात जातो, तेव्हा देवावरचा विश्वास घरी ठेवून जात नाही.

एकतीसची रात्र

मला पंचवीसपेक्षा हीच रात्र जड गेली. वर्षाअखेरच्या उपासनेत लोक उठून साक्ष देतात: नोकरी लागली, घर झालं, नातू झाला. तुमच्या वर्षात एकच गोष्ट झालेली असते. साक्ष देण्याची कुणावरही सक्ती नाही. द्यावीशी वाटली तर "या वर्षी आई गेली. प्रभूनं आम्हाला धरून ठेवलं. अजून दुखतं" एवढी द्या. ती पूर्ण साक्ष आहे. घड्याळात बारा वाजतात तेव्हा आपण त्या माणसाला जुन्या वर्षात सोडून पुढं चाललोय असं वाटतं. तेव्हा कुणाचा तरी हात धरून उभे राहा.

नव्या वर्षासाठी मंडळीत शास्त्रवचनाची चिठ्ठी मिळाली आणि त्यात भरभराटीचं काही निघालं तर ती पवित्र शास्त्रात ठेवून द्या. मला ती काही महिन्यांनी वाचता आली.

चांदणी उतरल्यावर

जानेवारीत सगळे आपापल्या कामाला लागतात. फोन बंद होतात, डबे बंद होतात. खरी पोकळी तेव्हा कळते. म्हणून डिसेंबरात "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्यांना उत्तर तयार ठेवा: "जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी जेवायला या." भेट देणाऱ्या भावाबहिणींनीही आपली एक फेरी राखून ठेवावी ती याच दिवसांसाठी.

आणि नवं कॅलेंडर भिंतीला लावताना त्यात चार तारखा लिहून घ्या: त्यांचा वाढदिवस, लग्नाचा दिवस, दवाखान्यात नेलं तो दिवस, गेले तो दिवस. त्याच तारखा एका चिठ्ठीवर लिहून पाळकसाहेबांना द्या. पप्पांनी आमच्या कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, बारीक अक्षरात, फक्त तिचं नाव.